दादाच्या पायातली प्लेट

दादाच्या नडगीतली प्लेट सध्या माझ्या टेबलावर आहे. सर्जननी काढल्यावर निर्जंतुक करून पिशवीत घालून दिली, वहिनीला ती घरात नजरेसमोर नको होती म्हणून मी घेऊन आलो. टायटॅनियमची, वीतभर लांब, हाडाच्या वळणासारखी किंचित वाकवलेली, आणि इतकी हलकी की हातात घेतल्यावर खरं वाटत नाही. वरून गुळगुळीत दिसते. भिंग लावून बघितलं तर स्क्रूच्या भोकांच्या कडेला गोल गोल ओरखडे आहेत, स्क्रू पिळताना पडलेले. मी ते ओरखडे किती वेळा बघितलेत काय सांगू.

पावसाळ्यात सिंहगड रोडला खड्डा चुकवताना गाडी घसरली, नडगीचे दोन तुकडे. ऑपरेशन नीट झालं, घरी आला, कुबड्या घेऊन चालायलाही लागला होता. पाचव्या आठवड्यात टाक्यांच्या शेजारून पाणी यायला लागलं, आधी वाटलं घाम असेल, मग पिवळट झालं, वास यायला लागला, आणि एक दिवस वहिनी ड्रेसिंग बदलता बदलता एकदम गप्प झाली. कल्चरचा, म्हणजे जखमेतले जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीचा, रिपोर्ट आला, स्टॅफिलोकोकस ऑरियस. म्हणजे कुठून आलेला भयंकर जंतू नाही, कितीतरी धडधाकट माणसांच्या नाकात आणि कातडीवर तो एरवीही असतोच. मग अँटिबायोटिक, मग परत उघडून धुतलं, परत अँटिबायोटिक, शेवटी प्लेट काढून बाहेरून फ्रेम लावली आणि सहा आठवडे शिरेतून औषध.

मी डॉक्टरांना विचारलं, रिपोर्टमध्ये तर लिहिलंय की हे औषध या जंतूवर चालतं, मग बरं का नाही झालं? ते म्हणाले, "सुट्या जंतूवर चालतं हो. प्लेटवर थर धरून बसलाय त्याच्यावर नाही चालत. आणि धातूत रक्त कुठे फिरतं, औषध पोचणार कसं?"

थर म्हटल्यावर मला लगेच आमची टाकी दिसली. मी भोसरीला अ‍ॅनोडायझिंगच्या शॉपमध्ये आहे, म्हणजे करंट देऊन धातूवर थर आणायचं काम, अ‍ॅल्युमिनियमचे पार्ट, बारा वर्षं झाली. दिवाळीला चार दिवस शॉप बंद असलं की धुण्याच्या टाकीतलं पाणी साचून राहतं, आणि उघडल्यावर टाकीच्या भिंतीला हात लावला की बुळबुळीत लागतं. पाण्यात औषध टाकलं की पाणी स्वच्छ होतं, भिंतीवरचा बुळबुळीतपणा तसाच राहतो, आणि दोन दिवसांत पाणी परत खराब. शेवटी टाकी रिकामी करून ब्रशनी घासावीच लागते, दुसरा उपाय नाही. दादाच्या पायात नेमकं हेच चाललं होतं. याला बायोफिल्म म्हणतात, जंतू एकदा धातूला चिकटले की स्वतःभोवती चिकट आवरण करतात आणि त्याच्या आत त्यांना मारायला सुट्या जंतूंच्या शेकडो पट जास्त औषध लागू शकतं. तेवढं औषध माणसाला देताच येत नाही.

अमेरिकेतल्या अँथनी ग्रिस्टिना यांनी १९८७ साली हे सगळं एका कल्पनेत मांडलं होतं, पृष्ठभागासाठीची शर्यत. प्लेट शरीरात गेल्या क्षणापासून आपल्या पेशी आणि जंतू दोघंही तिच्यावर जागा धरायला धावतात. स्वारगेटला बस लागली की खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, तसंच. आपल्या पेशी आधी बसल्या तर जंतूंना जागा उरत नाही, जंतू आधी बसले तर मग दादासारखं होतं. म्हणजे धातू किती मजबूत आहे हा प्रश्न बराचसा सुटलेला आहे, निकाल लागतो तो त्याच्या वरच्या कातडीवर. आणि कातडी हे तर माझं रोजचं काम आहे, म्हणून रात्र रात्र वाचत बसलो.

वाचताना सगळ्यात जास्त हललो ते जपानमधल्या कानाझावाच्या कामाने. तिथे टायटॅनियमला अ‍ॅनोडायझिंग करून वर सच्छिद्र थर आणतात आणि त्या छिद्रांत आयोडीन भरतात, बेटाडीनमधलं असतं तेच. आम्ही अ‍ॅल्युमिनियमला रंग देतो तो याच पद्धतीने हो! करंट देऊन छिद्रं काढायची, त्यात रंग मुरवायचा. रंगाऐवजी आयोडीन, एवढाच फरक. २००८ पासून त्यांनी हे रुग्णांमध्ये वापरलं, दोनशेहून जास्त जणांत. मी हे वाचून प्लेट हातात घेऊन कितीतरी वेळ बसून होतो.

दुसरी वाट त्याहून विलक्षण आहे, त्यात औषधच नाही. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियात एलेना इव्हानोव्हा यांच्या गटाने दाखवलं की सिकाडा नावाच्या किड्याच्या पंखावर बसलेले जंतू काही मिनिटांत फुटतात. पंखावर साधारण २०० नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) उंचीचे खुंट असतात, जंतूचं आवरण त्यांच्यावर ताणलं जातं आणि फाटतं. पंखावर सोन्याचा पातळ थर दिला तरी जंतू मेलेच, म्हणजे काम रसायनाचं नाही, आकाराचं आहे. पुढच्या वर्षी चतुराच्या पंखांतही असंच सापडलं. तेव्हापासून टायटॅनियम कॉस्टिकच्या द्रावणात दाबाखाली तापवून त्याच्यावर तसे काटे उगवायचे प्रयत्न चाललेत.

पण दादाच्या जंतूचं आवरण जाड असतं, असे जंतू बऱ्याच काटेरी पृष्ठभागांवर तितके सहज फुटत नाहीत. शिवाय मेलेले जंतू काट्यांवरच पडून राहतात आणि रक्तातली प्रथिनं तर पहिल्या काही मिनिटांतच सगळं झाकून टाकतात.

काकू म्हणते तांब्याचं का नाही करत, तांब्यातल्या पाण्यात किडे होत नाहीत. तिचं चूक नाही, तांबं जंतू मारतंच, अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २००८ मध्ये तांब्याच्या मिश्रधातूंना तशी मान्यता दिली. पण तांबट आळीतला हंडा बाहेर असतो, हाडाला चिकटून झिजणारं तांबं आपल्या पेशींनाही मारेल. चांदीचंही तेच, हाडाच्या कॅन्सरनंतर बसवायच्या मोठ्या सांध्यांवर चांदीचा थर देतात, पण प्रमाण सांभाळूनच.

आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्या ओरखड्यांची आहे. थर कितीही चांगला असू दे, स्क्रू पिळताना खरवडला गेला तर नेमक्या तिथेच उघडा धातू राहतो. गाडीच्या साध्या ब्रॅकेटसाठी कस्टमर आम्हाला थराची जाडी मायक्रॉनमध्ये विचारतो, चाचणीत थर किती तास टिकतो ते विचारतो, एक डाग दिसला तर अख्खा लॉट परत पाठवतो. दादाच्या प्लेटच्या पृष्ठभागाबद्दल आम्ही घरातल्या कोणीच काही विचारलं नाही, विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं. आता तुमच्यापैकी कोणाच्या घरी असं ऑपरेशन असेल तर विचारा, डॉक्टर सांगतात.

आता दादाच्या नडगीत रॉड बसणार आहे. त्याच्यावर अँटिबायोटिक कालवलेल्या बोन सिमेंटचा थर असेल, आणि तो थर सर्जन स्वतः ऑपरेशन थिएटरमध्ये, प्लॅस्टिकच्या नळीचा साचा करून, हाताने चढवणार आहेत. मी विचारलं औषध किती दिवस सुटत राहील, ते म्हणाले, "पहिल्या काही दिवसांत जास्त, मग कमी कमी होत जातं. ते पहिले दिवसच महत्त्वाचे." थर किती जाडीचा तेही विचारलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, कागद ओढला आणि रॉड, नळी, मधली जागा असं सगळं काढून दाखवलं. तो कागद मी आणलाय घरी. पुढच्या गुरुवारची तारीख मिळाली आहे.