तुम्ही विचारलेत म्हणून : बॉइंकला किती टक्के द्यायचे?

बॉइंक म्हणजे आपल्या संगणकाची शक्ती स्वयंसेवेने वैज्ञानिक प्रकल्पांच्या गणितांना देणारे सॉफ्टवेअर. ते बसवले की पहिल्याच दिवशी हा प्रश्न येतो आणि विचारणाऱ्याला उत्तरात एकच आकडा हवा असतो. आकडा सांगायला माझी हरकत नाही. अडचण ही आहे की सेटिंग्जच्या एकाच पानावर सीपीयूच्या दोन टक्केवाऱ्या एकीखाली एक असतात, मेमरीच्या आणखी दोन आणि डिस्कची वेगळी. आणि ‘पन्नास ठेवा’ असे सांगितले की ऐकणारा त्यांतल्या भलत्याच रकान्यात पन्नास भरून मोकळा होतो. मग पंखा सारखा वर-खाली होत असल्याची तक्रार घेऊन तो पुन्हा माझ्याकडेच येतो.

सीपीयूच्या दोनपैकी वरची टक्केवारी किती कोर, म्हणजे प्रोसेसरमधले स्वतंत्र गणन-भाग, वापरायचे ते ठरवते. खालची, म्हणजे सीपीयू टाइमची, त्या कोरवरचे काम किती वेळ चालावे आणि किती वेळ थांबावे ते ठरवते. तिथे पन्नास भरले म्हणून प्रोसेसर अर्ध्या वेगाने निवांत चालू लागत नाही; काम काही क्षण पूर्ण जोरात चालते, काही क्षण ठप्प होते, पुन्हा जोरात चालते, आणि तापमान एका जागी ठरत नसल्यामुळे पंख्यालाही ठरता येत नाही. म्हणून मी सीपीयू टाइम १०० वर ठेवते आणि कोर कमी करते. चार कोर व आठ थ्रेड (एका कोरवर एकाच वेळी चालणारे कामाचे दोन प्रवाह; बॉइंक तेच मोजते) असलेल्या संगणकावर कोरचा आकडा ५० केला, तर एका वेळी आठऐवजी चार कामे चालतात. पण एकाच कोरचे दोन थ्रेड एकमेकांच्या वाट्यातलेच खात असल्यामुळे एकूण काम निम्म्यावर येत नाही, निम्म्यापेक्षा बरेच जास्त होते. एवढे सांगितल्यावरही ‘म्हणजे पन्नासच ना?’ असे विचारणारे भेटतात.

‘संगणक मंद होतो’ या आरोपाबद्दलही थोडे बोलायला हवे, कारण तो बहुधा चुकीच्या आरोपीवर ठेवला जातो. सीपीयूवरची बॉइंकची कामे सर्वांत खालच्या प्राधान्याने चालतात, त्यामुळे तुमचा ब्राउझर प्रोसेसर मागतो तेव्हा ऑपरेटिंग सिस्टीम त्याला आधी वाट देते. ग्राफिक्स कार्डाकडे अशी मुरलेली शिस्त नाही. पडद्यावरचे चित्रही तेच काढते आणि गणितही तेच करते, म्हणून खिडकी सरकवताना जो धक्का जाणवतो तो बहुतेक वेळा तिथून आलेला असतो. मेमरीचे तर विचारूच नका. व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे संगणकाच्या आत उभ्या केलेल्या आभासी संगणकात, चालणारी कामे प्रत्येकी काही जीबी घेऊन बसतात आणि तिथे सीपीयूचा कोणताही टक्का उपयोगी पडत नाही. (प्रकल्पाच्या संकेतस्थळावर सेटिंग बदलूनही काही फरक पडला नाही, असे म्हणणाऱ्यांनी आधी आपल्या संगणकावर स्थानिक सेटिंग्ज जतन केलेली आहेत का ते पाहावे. ती असतील, तर त्यांचेच चालते.)

माझा टक्केवारीवरचा विश्वास उडाला तो मात्र एका लांबलचक कामामुळे. प्रकल्पाचे नाव सांगत नाही, कारण दोष त्याचा नव्हता. माझ्या संगणकावर इतरही लोक काम करत असल्यामुळे मी त्या वेळी ‘संगणक वापरात असताना काम थांबवा’ या चौकटीत खूण केली होती, आणि थांबवलेले काम मेमरीतच राहू देण्याची चौकट रिकामी होती, जशी ती मुळात रिकामीच येते. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी शहाणपणाच्या होत्या आणि दोन्हींच्या बाजूने मी आजही वाद घालू शकेन.

बॉइंकच्या मूळ हिशेबात माउस आणि कीबोर्डला ३ मिनिटे कोणाचा हात लागला नाही की संगणक मोकळा झाला. पडद्यावर काही वाचत बसले की काम सुरू होत असे; पान सरकवण्यासाठी माउस हलवला की ते थांबून मेमरीतून बाहेर टाकले जात असे आणि पुढच्या खेपेला शेवटच्या चेकपॉइंटपासून, म्हणजे झालेले काम डिस्कवर शेवटचे लिहून ठेवले होते तिथपासून, पुन्हा सुरू होत असे. सेटिंग्जमध्ये चेकपॉइंटसमोर ६० सेकंद लिहिलेले असते, त्यावर मी भरवसा ठेवला होता. पण तो आकडा ‘याहून लवकर लिहू नका’ एवढेच सांगतो. त्यानंतर किती उशिराने लिहायचे हे त्या कामाचा प्रोग्राम ठरवतो, आणि हा प्रोग्राम अर्ध्या तासाहूनही अधिक वेळ काही लिहीत नसे. कामाच्या प्रॉपर्टीज उघडल्या की चेकपॉइंटनंतर किती सीपीयू टाइम गेला, ती ओळ दिसते. मी ती ओळ पाहत बसले. आकडा वीस मिनिटांच्या पुढे गेला, मागून कोणीतरी येऊन काहीतरी शोधण्यासाठी दोन शब्द टंकले, आणि आकडा शून्यावर आला. झालेल्या कामाची टक्केवारी सकाळी होती तिथेच संध्याकाळी होती. प्रोसेसर मात्र दिवसभर तापत होता.

प्रकल्पाने त्या कामाला दिलेली मुदत उलटली. बरेच प्रकल्प एकच काम दोन अनोळखी संगणकांना देतात आणि दोघांची उत्तरे जुळली तरच ती खरी मानतात. आइन्स्टाइन ॲट होम या बॉइंकवरच्या प्रकल्पातून २०१० साली जाहीर झालेल्या पल्सरचे (वेगाने फिरत ठरावीक अंतराने स्पंदने पाठवणाऱ्या ताऱ्याचे) श्रेय अमेरिकेतील आयोवा आणि जर्मनीतील माइन्झ अशा दोन्हीकडच्या स्वयंसेवकांना मिळाले ते याचमुळे. माझ्या कामाचे पान उघडले, तेव्हा दुसऱ्या संगणकाने उत्तर केव्हाच पाठवलेले होते, त्याच्यासमोर पडताळणी बाकी असल्याची नोंद होती आणि माझ्या ओळीत मुदत संपल्याची. त्या दुसऱ्या संगणकाच्या मालकाच्या नावाच्या जागी ‘अनॉनिमस’ होते. कोणीतरी आपला संगणक राबवून वेळेवर काम संपवले होते आणि माझ्या संगणकाच्या अदबशीर वागण्यामुळे ते अडकून पडले होते. सर्व्हरने तेच काम तिसऱ्याला दिले.

तेव्हापासून मला किती टक्के हा दुय्यम प्रश्न वाटतो. काम कधी बाजूला व्हावे आणि बाजूला होताना अर्धवट कामाचे काय व्हावे, हे आधी ठरवावे लागते. आता वापरात असताना सीपीयूची कामे मी थांबवत नाही. ग्राफिक्स कार्डाची थांबवते. थांबलेली कामे मेमरीत राहू देते, पण त्यासाठी रॅम मोकळी हवी, नाहीतर तीच कामे डिस्कवर ढकलली जातात आणि परत येताना सगळ्यांनाच खोळंबवतात. जड प्रोग्राम बॉइंकच्या वर्ज्य यादीत घातले आहेत. ते उघडले की बॉइंकची सगळी कामे थांबतात. तुमच्या संगणकावर याच्या नेमके उलट शहाणपणाचे असू शकते. ८ जीबी रॅमच्या संगणकासाठी ही शिफारस मी करणार नाही.

यापूर्वी मी एक युक्तिवाद मोठ्या आत्मविश्वासाने करत असे, की संगणक चालूच असतो, प्रोसेसर रिकामा असतो, आपण फक्त वाया जाणारी शक्ती देतो. परग्रहावरच्या बुद्धिमान जीवांचे संकेत शोधणारा सेटी ॲट होम हा प्रकल्प मे १९९९ मध्ये स्क्रीनसेव्हरच्या रूपात आला, तेव्हा हे बरेचसे खरे होते. आजचा प्रोसेसर रिकामा असताना वेग आणि व्होल्टेज उतरवतो, कोर झोपवतो. त्याला राबवले की वीजवापर कितीतरी पटींनी वाढतो. म्हणजे मी वाया जाणारे काही देत नाही, मुद्दाम वीज खर्च करते. हे मान्य केल्यावर तरी बंद करावे, असे माझ्याशी वाद घालणारे म्हणतात. त्यांना मी पल्सर दाखवते आणि ते मला विजेचे मीटर दाखवतात. सेटी ॲट होमने ३१ मार्च २०२० रोजी कामे पाठवणे थांबवले, तेव्हा मी निमूट दुसऱ्या प्रकल्पाला संगणक जोडला. यात कार्याची निष्ठा किती आणि प्रोसेसर रिकामा न पाहवण्याची सवय किती, हे मला वेगळे करता आलेले नाही.

सर्वांत अवघड बाजू जुन्या लॅपटॉपची आहे. नवा संगणक जेवढे काम करतो तेवढ्याच कामाला तो कितीतरी जास्त वीज घेतो आणि मुदत जेमतेम गाठतो, त्यामुळे त्याच्या बाजूने सांगण्यासारखे फारसे काही नाही. सध्या त्याला ‘नो न्यू टास्क्स’ लावले आहे; हातातले काम संपले की पुढचे ठरवू. मागच्या कामाच्या वेळीही मी हेच म्हटले होते.