तुम्ही विचारलंत म्हणून: ग्राइंडर नसताना सुरी कशी करायची?

मी केलेली सुरी हातात घेतली की बहुतेक जण पातं न्याहाळतात, धार चाचपतात आणि विचारतात, "मशीन कुठलं आहे तुमच्याकडे?" मशीन एकच, हातात धरायचं ड्रिल. बाकी व्हाइस (वस्तू घट्ट धरून ठेवणारा शिकंजा), हॅक्सॉ (लोखंड कापायची करवत), कानशी, पॉलिश पेपर आणि अंगणातली खड्ड्याची भट्टी. मग पुढचा प्रश्न येतोच, "आम्हालाही करायचंय, बेल्ट ग्राइंडर कोणता घेऊ?" म्हणजे फिरत्या खरखरीत पट्ट्यावर लोखंड घासणारं मशीन.

पहिली सुरी कानशीनेच करा, असं मी मनापासून सांगते, आणि ते पैसे वाचावेत म्हणून नाही. सुरी कशी कापेल हे दोन गोष्टींवर ठरतं: धारेमागे पातं किती पातळ आहे आणि पोलादाला पाणी कसं दिलंय, म्हणजे लाल तापवून, तेलात किंवा पाण्यात बुडवून ते कसं कडक केलंय. ग्राइंडर पहिलं काम झटपट करतो. दुसऱ्यात त्याचा काही हात नाही. उलट पाणी दिलेलं पातं पट्ट्यावर घाईने घासलं, की तापून त्याचं पाणी उतरतं. कानशीने पातं तापत नाही आणि चूक झालीच तर ती हळूहळू होते, म्हणजे दिसते आणि थांबवता येते. रस्त्याच्या कडेला पाल ठोकून बसणारे घिसाडी ऐरण, घण, सांडशी आणि भाता एवढ्यावर विळे, खुरपी, कोयते घडवत आले आहेत. त्यांच्या हाताखालचं काम जवळून पाहिलं, की साधनं कमी आहेत ही तक्रार करावीशी वाटत नाही.

मात्र आपल्या विस्तवाला झेपेल तेवढीच सुरी करायची. छोट्या भट्टीत चार-पाच इंचांचं पातं एकसारखं तापतं, दहा इंचांचं नाही. म्हणून सुरुवात फळं-भाजी चिरायच्या लहान सुरीने करावी. पोलादही साधं, कार्बनचं घ्यावं. ट्रकचा कमानपाटा भंगारात सहज मिळतो, पण तो जाड आणि वाकडा असतो आणि वर्षानुवर्षं हादरे खाऊन त्यात न दिसणाऱ्या चिरा असू शकतात. मला जुनी चपटी कानस जास्त आवडते. पुण्यात जुन्या बाजारात अशा बोथट कानशी मिळतात. फक्त ती अस्सल आहे का ते बघा, कारण काही कानशी वरवरच कडक केलेल्या असतात. टोकाचा तुकडा लालभडक करून पाण्यात बुडवा, व्हाइसमध्ये धरा, वर कापड टाका, डोळ्यांना गॉगल लावा आणि हातोडी मारा. काडकन तुटला आणि आतला दाणा बारीक, करडा दिसला तर काम होईल. वाकला तर सोडून द्या.

कानशीने कानस घासायची तर आधी ती मऊ करावी लागते. लोणारी कोळशात लाल करायची आणि राखेत खोल पुरून रात्रभर ठेवायची. सकाळी हॅक्सॉ तिच्यात सरळ उतरतो. मग तिचे दाते पूर्ण घासून काढा. एखादी खाच राहिली तर पाणी देताना तडा तिथूनच जातो.

आता माझ्या सगळ्यात आवडीचं काम. धार पात्याच्या बरोबर मधोमध यायला हवी. त्यासाठी पात्याच्या जाडीएवढ्याच व्यासाचं ड्रिल बिट घ्या. काचेवर पातं आडवं ठेवा, शेजारी बिट ठेवा आणि त्याच्या टोकाने कडेवर ओरखडा काढा. बिटाचं टोक मध्यावर असतं, त्यामुळे रेघही मध्यावरच येते. पातं उलटं करून पुन्हा काढा. दोन रेघा अगदी जवळजवळ उमटतात. कडेला आधी मार्कर फासला असेल तर त्या लख्ख दिसतात. दोन्ही बाजूंनी घासत या रेघांपर्यंत यायचं आणि धारेला साधारण एक मिलिमीटर जाडी ठेवून थांबायचं. त्याहून पातळ केलं तर तेलात पातं वाकतं. कानस पुढे ढकलतानाच दाबायची, मागे घेताना उचलायची. दात्यांत कीस अडकून ओरखडे पडतात, म्हणून कानशीला खडू चोळायचा. मुठीची भोकंही आत्ताच पाडा, नंतर ड्रिल चालणार नाही.

पाणी द्यायचं ते संध्याकाळी, कारण उन्हात लोखंडाचा रंग कळत नाही. भट्टीला हेअर ड्रायरचा वारा पुरतो. ही भट्टी उघड्यावरच हवी, बंद खोलीत किंवा बाल्कनीत नको. कोळशाचा वायू जीव घेतो. पातं तापताना मधूनमधून लोहचुंबक लावून बघा. साधारण ७७० अंशांना ते चिकटायचं थांबतं. तिथून रंग किंचित उजळू द्या आणि पातं धारेकडून सरळ तेलात सोडा, आडवं हलवू नका. घरातलं कुठलंही खाद्यतेल ५०-६० अंशांपर्यंत गरम केलेलं चालतं. भांडं धातूचं, झाकणासकट, जवळ वाळूची बादली. पाण्यात बुडवलं तर पातं जास्त कडक होतं, पण तडकायचा धोकाही वाढतो. थंड झाल्यावर कानस फिरवा. काचेवरून घसरल्यासारखी सटकली, तर पाणी लागलं.

या अवस्थेत पातं हातातून पडलं तरी तुटेल, म्हणून त्याच दिवशी ओव्हनमध्ये घाला. २०० अंश, तासभर, थंड करून पुन्हा तासभर. ओटीजीच्या बटणावर विश्वास न ठेवता आत वेगळा थर्मामीटर ठेवा. घासून लख्ख केलेल्या भागावर फिकट पिवळा रंग चढला की झालं.

मूठ शिसवीची किंवा बाभळीची, पितळी पिना आणि चिकटवायला एपॉक्सी. मग वॉटर पेपर आणि दगडावर पातं पातळ करत धार काढायची. इथे घाई नको, पाण्यात बुडवत राहा.

स्टेनलेस घरी का नाही, असंही विचारतात. त्याला हजार अंशांच्या वर नेमकं तापमान धरून ठेवावं लागतं, कोळशात ते साधत नाही. कार्बनची सुरी गंजते हे मान्य. चिरून झालं की धुवून पुसायची, लिंबाचा रस तर अंगावर राहू द्यायचा नाही. थोड्या दिवसांत कांद्या-टोमॅटोने पातं करडं-निळसर होतं. तो डाग घासून काढू नका, त्याने गंज उशिरा धरतो.