आई-बाबांसह ऑरलँडो : उद्यानाआधी मुक्कामाचा विचार

गेल्या ऑक्टोबरात मुलीच्या शाळेला सुट्टी लागली तेव्हा आम्ही अटलांटाहून गाडीने ऑरलँडोला गेलो आणि वॉल्ट डिस्ने वर्ल्ड या मनोरंजन उद्यानांच्या संकुलातील ॲनिमल किंगडम लॉज या हॉटेलात पाच रात्री राहिलो. आम्ही म्हणजे मी, माझा नवरा, सात वर्षांची मुलगी, अडीच वर्षांचा मुलगा आणि सांगली जिल्ह्यातून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आलेले माझे आई-बाबा. परत आल्यापासून ओळखीच्या तीन-चार मराठी कुटुंबांनी एकच प्रश्न विचारला आहे : आई-वडील आणि लहान मुले अशा दोघांनाही घेऊन जायचे असेल, तर राहायचे कुठे आणि त्यांना खायला काय मिळते? कोणत्या खेळात आधी बसावे याची माहिती हवी तितकी मिळते. या प्रश्नाचे उत्तर मात्र मला निघण्यापूर्वी कुठेच सलग वाचायला मिळाले नव्हते, म्हणून ते सविस्तर लिहिते आहे.

माझे मत आधीच सांगते. तीन पिढ्यांच्या सहलीत पैसे कमी पडत असतील तर उद्यानाचा एक दिवस कमी करावा, पण मुक्कामाच्या जागेत काटकसर करू नये. हे मत अनुभवातून बनलेले आहे. चार वर्षांपूर्वी आम्ही सासू-सासऱ्यांना घेऊन याच ठिकाणी आलो होतो आणि खर्च वाचावा म्हणून उद्यानांच्या हद्दीबाहेर, महामार्गालगतच्या एका हॉटेलात उतरलो होतो. तेथून उद्यानाकडे जाणारी बस सकाळी एकदा आणि परतीची रात्री एकदा, एवढीच होती. दुपारी सासूबाई थकल्या तेव्हा त्यांना खोलीवर नेण्याचा मार्गच उरला नाही आणि ऊन उतरेपर्यंत त्या एका बाकावर नातीला मांडीवर घेऊन बसून राहिल्या. सकाळच्या न्याहारीत अंडी, मांस आणि गोड पाव यांखेरीज काही नसे, त्यामुळे चारही दिवस त्यांनी सफरचंद आणि चहा यांवर काढले. त्या सहलीची छायाचित्रे सुंदर आहेत, परंतु ती पाहताना मला अजूनही अपराधी वाटते.

डिस्ने वर्ल्ड 1 ऑक्टोबर 1971 रोजी सुरू झाले आणि त्याचा पसारा सुमारे शंभर चौरस किलोमीटरचा आहे. त्यात मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि ॲनिमल किंगडम अशी चार मोठी उद्याने आहेत आणि डिस्नेची स्वतःची पंचवीसहून अधिक हॉटेले आहेत. ती किमतीनुसार तीन वर्गांत विभागलेली आहेत, आणि त्यांशिवाय स्वयंपाकघर असलेल्या घरांसारख्या खोल्यांचा एक निराळा प्रकार आहे, त्यांना व्हिला म्हणतात. आमच्यासारख्या कुटुंबांनी नेमक्या याच प्रकाराकडे पाहावे असे मला वाटते.

ॲनिमल किंगडम लॉज 2001 मध्ये उघडले. मूळ इमारतीला आता जाम्बो हाउस म्हणतात आणि 2009 मध्ये तिच्याशेजारी किदानी व्हिलेज ही दुसरी इमारत उभी राहिली. दोन्ही इमारतींना वेढून आफ्रिकेतील गवताळ कुरणांसारखी चार कुरणे राखलेली आहेत आणि त्यांत जिराफ, झेब्रे, हरणे, शहामृग असे प्राणी मोकळे हिंडतात. आम्ही किदानीमध्ये एका शयनगृहाचा व्हिला घेतला. त्याची क्षमता पाच माणसांची असून तीन वर्षांखालील मूल त्यांव्यतिरिक्त चालते, म्हणजे आम्ही सहाही जण नियमात बसलो. शयनगृह आई-बाबांना दिले, आम्ही दोघे बाहेरच्या सोफा-पलंगावर झोपलो, मुलगी उलगडणाऱ्या खुर्चीवर आणि धाकटा पाळण्यात. या व्हिलाची मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे तेथे दोन पूर्ण स्नानगृहे आहेत. सकाळी सात वाजता सहा माणसांना बाहेर पडायचे असते तेव्हा या गोष्टीचे मोल प्राण्यांच्या देखाव्याहूनही अधिक असते, आणि बाबांना अंघोळीनंतरची पूजा घाईघाईने आटोपावी लागली नाही याचे श्रेय मी त्या दुसऱ्या स्नानगृहाला देते.

किदानीची इमारत लांबच लांब आणि वळणाची आहे. ज्यांच्या घरी गुडघेदुखीचे माणूस आहे त्यांनी आरक्षणाच्या वेळीच प्रवेशदालनाजवळची खोली हवी अशी विनंती नोंदवावी. आम्ही ती नोंदवली होती आणि ती मान्यही झाली, त्यामुळे आईला व्हीलचेअर फक्त उद्यानातच लागली. गाडी इमारतीच्या खालीच लावता येते आणि हॉटेलात राहणाऱ्यांना स्वतः गाडी लावण्याचे शुल्क 2023 पासून पडत नाही. पावसाची सर आली तरी सामान आणि मुले कोरडीच वर पोहोचतात.

आता स्वयंपाकघराविषयी. त्यात चूल, भट्टी, मोठा फ्रिज, मायक्रोवेव्ह आणि भांडी धुण्याचे यंत्र असते आणि कपडे धुण्याचे व वाळवण्याचे यंत्रही खोलीतच असते. विमानाने येणारे लोक दुकानातून किराणा मागवतात, तो हॉटेलच्या सामान विभागात येऊन पोहोचतो. आम्ही सातशे किलोमीटर गाडीनेच आलो होतो, त्यामुळे घरूनच लहान कुकर, तांदूळ, मूगडाळ, मेतकूट, गोडा मसाला, साजूक तूप आणि विरजणासकट दह्याचे भांडे बरोबर घेतले होते. पहिल्या रात्री प्रवासाने सगळे थकलेले असताना आईने कोणालाही न विचारता खिचडी लावली आणि कुकरची शिट्टी झाली तेव्हा धाकट्याने दिवसात प्रथमच रडणे थांबवले. परदेशात पाहुण्यासारखे राहणाऱ्या आई-वडिलांना आपल्या हातून घराला काही मिळते आहे असे वाटणे फार आवश्यक असते. हॉटेलच्या खोलीत आईला ते समाधान मिळेल असे मला निघताना वाटले नव्हते.

बाबांचे समाधान गॅलरीत होते. आमच्या गॅलरीतून दिसणाऱ्या कुरणात आंकोले जातीची गुरे होती, पूर्व आफ्रिकेतील, तांबूस रंगाची आणि माणसाच्या मांडीएवढ्या जाड बुडख्याच्या लांब शिंगांची. बाबांनी आयुष्यभर शेती केली आणि दारात खिल्लार बैल बाळगले. पहिल्या सकाळी ते चहाचा कप घेऊन तासभर तेथे उभे राहिले आणि नंतर नातीला खिल्लाराची शिंगे कशी असतात, बैलाची पारख कशी करतात, पोळ्याला शिंगांना रंग कसा देतात हे सांगत बसले. आंकोलेच्या शिंगांत रक्तवाहिन्यांचे जाळे असते आणि त्यातून शरीरातील उष्णता बाहेर पडते, ही माहिती मी त्यांना वाचून दाखवली तेव्हा त्यांनी मान डोलावून म्हटले, "म्हणजे उन्हातलं जनावर आहे." गॅलरीतून प्राणी दिसणाऱ्या खोल्यांचा दर अर्थातच जास्त असतो, आणि मुले दिवसभर उद्यानात व रात्री झोपेत असतील तर तो देण्यात अर्थ नाही, पण घरातले एखादे माणूस सकाळ-दुपार खोलीवर राहणार असेल तर माझ्या मते तो देण्यासारखा आहे.

किदानीच्या तळमजल्यावर साना नावाचे उपाहारगृह आहे. या स्वाहिली शब्दाचा अर्थ कलाकृती असा होतो. त्याच्या मोठ्या खिडक्यांपलीकडेच कुरण असल्यामुळे तेथे दिवसाउजेडी, म्हणजे दुपारच्या जेवणालाच जावे. तेथील प्रसिद्ध पदार्थ म्हणजे पाच प्रकारच्या रोट्या आणि त्यांबरोबर लहान वाट्यांत नऊ तोंडीलावणी. साधा नान, आले-लसणाचा नान, मसाल्याचा नान, कांदा कुलचा आणि पनीर पराठा. सोबत काकडीची कोशिंबीर, चिंचेची चटणी, कोथिंबिरीची चटणी, आंब्याची चटणी, लसणाचे लोणचे, टोमॅटो-खजुराचा मुरंबा वगैरे. तो मुळात सुरुवातीला खाण्याचा पदार्थ आहे, परंतु आम्ही दोन ताटे मागवून चौघा मोठ्यांनी त्यावरच जेवण केले आणि कोणी उपाशी राहिले नाही. भारतीय जेवण मिळेल या अपेक्षेने तेथे जाऊ नये. हिंदी महासागराच्या दोन्ही काठांवरच्या चवी एकत्र आणणारे ते स्वयंपाकघर आहे आणि तसे समजून खाल्ले तर फार रुचकर लागते. आईने लसणाच्या लोणच्याला दाद दिली, आणि आई सहसा दुसऱ्याच्या लोणच्याला दाद देत नाही.

जाम्बो हाउसमधील बोमा येथे न्याहारी आणि रात्रीचे जेवण हव्या तितक्या वाढीने मिळते. तेथे मांसाहारी पदार्थ पुष्कळ असतात आणि माझा नवरा त्यावर अत्यंत खूश होता. पूर्ण शाकाहारी माणसासाठी तेथली न्याहारी मला रात्रीच्या जेवणापेक्षा अधिक सोयीची वाटते, कारण एका व्यक्तीमागे ठराविक रक्कम भरून आईने फक्त भात आणि कोशिंबिरी खाव्या हे मला पटत नाही. न्याहारीला पेरू, संत्रे आणि कृष्णकमळाचे फळ यांचा एकत्र रस मिळतो, तो मुलांना फार आवडला. रात्रीच्या गोड पदार्थांतील झेब्र्याच्या पट्ट्यांचे चॉकलेटचे घुमट सर्वांना मोह पाडतात, पण त्यांत अमारुला हे आफ्रिकी मद्य घालतात, हे आपल्याकडच्या अनेकांना ठाऊक नसते. ज्यांना ते वर्ज्य आहे त्यांनी आधी विचारावे. आहाराची अट आरक्षणात लिहून ठेवली आणि आल्यावर पुन्हा सांगितली तर आचारी स्वतः टेबलाशी येऊन कोणते पदार्थ चालतील ते समजावतो. आईसाठी आम्ही हे केले आणि त्याने प्रत्येक भांड्यापाशी थांबून माहिती दिली.

उद्यानांतील खाद्यपदार्थांच्या फलकांवर हिरव्या पानाची खूण असते. त्या पदार्थात मांस, अंडी, दूध, मध यांपैकी काहीही नाही असा तिचा अर्थ आहे. दूध-चीज चालणाऱ्यांना त्याहून अधिक पदार्थ मिळतात, पण त्यांवर खूण नसल्यामुळे विचारून घ्यावे लागते. ॲनिमल किंगडममधील सतुली कँटीन येथे भात, भाज्या आणि तिखट मसाल्याचा टोफू यांचा वाडगा मिळतो, तो बाबांनी दोनदा खाल्ला. आणि एक गोष्ट मी आवर्जून सांगते, कारण ती अनेकांना माहीत नसते : या उद्यानांत घरचे खाणे नेण्याची परवानगी आहे. काचेची भांडी आणि मद्य मात्र नेता येत नाही. आईने रोज सकाळी दशम्या किंवा थालीपिठे केली आणि आम्ही ती शेंगदाण्याच्या चटणीसह सावलीत बसून खाल्ली. झटपट खाण्याच्या दुकानांत बर्फाचे पाणी मोफत मागता येते. त्यामुळे दुपारच्या जेवणाची रांग आणि खर्च दोन्ही टळले आणि वाचलेल्या पैशांतून सानाची दोन जेवणे निघाली.

या हॉटेलाला मोनोरेल किंवा दोरीवरची गाडी जोडलेली नाही, सर्वत्र बसनेच जावे लागते. स्वतःची गाडी असली तरी मॅजिक किंगडमला बसनेच जावे, कारण गाडीतळ उद्यानापासून दूर आहे आणि तेथून पुन्हा मोनोरेल किंवा बोट पकडावी लागते, तर हॉटेलची बस प्रवेशद्वाराजवळ सोडते. डिस्नेच्या कोणत्याही हॉटेलात राहणाऱ्यांना उद्यानात इतरांपेक्षा अर्धा तास आधी प्रवेश मिळतो. आम्ही त्याचा उपयोग करून अकरापर्यंत मुलीचे आवडते खेळ संपवत असू, बारा वाजता सगळे खोलीवर परतत असू आणि चारनंतर ज्याला जायचे असेल तोच पुन्हा जात असे. एका संध्याकाळी आई आणि धाकटा गेलेच नाहीत. ती दोघे गॅलरीत बसून जिराफ मोजत होती.

खर्चाबाबत एवढेच सांगते. तीन वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही, पण तीन ते नऊ वर्षांच्या मुलांचे तिकीट मोठ्यांपेक्षा किंचितच स्वस्त असते, म्हणून चौघे मोठे आणि एक मूल यांचा एक दिवस कमी केल्यास वाचणारी रक्कम भरीव असते. व्हिलाचा थेट दर जास्त आहे. परंतु हे व्हिला डिस्नेच्या सुट्टी-सदस्यत्व योजनेतील आहेत आणि सदस्य मुक्कामासाठी मिळालेले आपले न वापरलेले गुण (पॉइंट्स) भाड्याने देतात. त्या मार्गाने आमची खोली बरीच स्वस्त पडली. मात्र अशा आरक्षणाचे पैसे रद्द केल्यास सहसा परत मिळत नाहीत, तेव्हा आई-वडिलांचा व्हिसा हातात पडल्यावरच ते करावे. साना आणि बोमा यांची टेबले साठ दिवस आधी आरक्षित करता येतात, आणि हॉटेलात राहणाऱ्यांना त्याच दिवशी आपल्या मुक्कामातील दहा दिवसांपर्यंतची सर्व टेबले एकदम ठरवता येतात.

हे सर्व आवाक्याबाहेर वाटत असेल तर आर्ट ऑफ ॲनिमेशन या स्वस्त वर्गातील हॉटेलात सहा जणांच्या कुटुंबखोल्या आहेत. त्यांतही दोन स्नानगृहे आहेत आणि एपकॉट व हॉलिवूड स्टुडिओजकडे जाणारी दोरीवरची गाडी तेथूनच सुटते. तेथे चूल नाही, फक्त मायक्रोवेव्ह आणि लहान फ्रिज आहे. कुकर लागत नसलेल्या कुटुंबांना मी ते निःसंकोच सुचवीन.

खोली अकरा वाजता सोडायची होती. शेवटच्या सकाळी आईने उरलेल्या रव्याचा उपमा केला, डबे धुऊन कोरडे केले आणि ओटा पुसून घेतला, स्वच्छतेला माणसे येतात हे माहीत असूनही. बाबांनी गावाकडे काकांना फोन लावून कॅमेरा कुरणाकडे वळवला. त्यांनी मोठ्या आंकोले बैलाचे नाव तोवर सर्जा ठेवले होते, आणि काकांना ते त्याच नावाने त्याची ओळख करून देत होते.