सार पासचे फोटो आणि येळ्ळूरचे काका

"त्या बर्फाचं पाणी कुणाच्या वाट्याला येतंय?"

आज सकाळी बेळगावजवळच्या राजहंसगडावर, सिद्धेश्वराच्या देवळाजवळ आम्ही मित्र आमच्या सार पास ट्रेकचे (हिमाचलातली डोंगरखिंड) फोटो बघत बसलो होतो. मे महिना आणि गुडघाभर बर्फ. पहाटे अंधारातच कॅम्प सोडायचा, कारण ऊन चढलं की बर्फ भुसभुशीत होतो आणि पाय रुतायला लागतात. शेजारी टेकलेले येळ्ळूरचे एक काका मान वाकवून बघत होते. त्यांचा हा प्रश्न.

आतापर्यंत लोकांनी थंडी विचारली, खर्च विचारला, उंची विचारली (१३,८०० फूट, सांगताना छाती फुगतेच). काका बासमती लावणारे. त्यांना त्या पांढऱ्या उतारावर पाण्याचा साठा दिसला.

"पार्वती नदीत जातं काका, तिथनं बियासला," मित्र म्हणाला.

"भर उन्हाळ्यात?"

"होय की. उन्हानंच वितळतं."

काका जरा थांबले. "मग त्यावर भांडण हाय काय तिकडं?"

आम्ही हसलो खरं, पण रावी-बियासच्या पाण्यावरून पंजाब-हरियाणाचं जुनं भांडण आहेच की! आपल्याकडं म्हादई नदीवरून कर्नाटक-गोव्याचं. कणकुंबीला, जिथं मलप्रभा उगम पावते, पावसाळ्यात आभाळ फाटल्यागत कोसळतं, आणि मे उजाडला की विहिरीत डोकावून बघावं लागतं. आपल्या डोंगरांवर बर्फ नाही, आलेलं पाणी थांबत नाही.

ज्यातून पाय उपसत आम्ही कुरकुरत होतो, ते कुणाच्या तरी शेताचं पाणी होतं. चार दिवसांच्या वाटेत आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात हे का आलं नसेल?