वॉस्पचा फिल्टर घरी बांधताना

एड्रियन वॅग्नर आणि ख्रिस हगेट यांच्या इलेक्ट्रॉनिक ड्रीम प्लांट या छोट्या ब्रिटिश कंपनीने १९७८ साली वॉस्प हा सिंथेसायझर सुमारे २०० पौंडांना विकायला काढला. काळं-पिवळं प्लॅस्टिकचं खोकं, आत स्पीकर, बॅटरीवर चालणारा. कीबोर्ड दोन सप्तकांचा आणि सपाट: पट्टीला बोट लागलं की कपॅसिटन्स बदलतो आणि सूर वाजतो. हलणाऱ्या पट्ट्या नाहीत, म्हणून स्वस्त. पण बोटाला पट्टीचा अंदाज येत नाही. कंपनी चारेक वर्षांत बंद पडली. हगेट यांनी पुढे ऑस्कर हा सिंथेसायझर बनवला.

वॉस्पचा फिल्टर, म्हणजे आवाजातल्या काही कंपनसंख्या कमी करणारा भाग, मात्र आजही लोक बांधतात, आणि बांधावाच असा आहे. तो स्टेट-व्हेरिएबल रचनेचा, म्हणजे इंटिग्रेटर नावाचे दोन टप्पे असलेला आहे. अशा रचनेत एरवी ऑप-अँप (सिग्नल वाढवणाऱ्या चिपा) लागतात. इथे त्यांच्या जागी सीडी ४०६९ हा डिजिटल इन्व्हर्टर (सिग्नल उलटा करणारी चिप, एकीत असे सहा) वापरला आहे. त्याचं आउटपुट वर-खाली टोकाला पोचताना हळूहळू दबतं. तो खरखरीत आवाज तिथूनच येतो, म्हणून तिथे ‘चांगला’ ऑप-अँप बसवू नका.

आधी एकच इन्व्हर्टर ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता जोडणी करायच्या पाटीवर) तपासा. पिन १४ ला ९ व्होल्ट, पिन ७ ग्राउंड, दोन्हींमध्ये अगदी जवळ १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर. पिन २ (आउटपुट) पासून पिन १ (इनपुट) पर्यंत १ मेगओमचा रेझिस्टर. पिन २ वर साडेचार व्होल्टच्या आसपास मिळायला हवेत. मग १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि १०० किलोओमचा रेझिस्टर एकापाठोपाठ जोडून पिन १ ला सिग्नल द्या: तो दहापटीपेक्षा थोडा कमी वाढतो, कारण इन्व्हर्टरचा मूळ गेनच (सिग्नल वाढवण्याची क्षमता) तुटपुंजा असतो. न वापरलेल्या इन्व्हर्टरची इनपुटं ग्राउंडला बांधा, नाहीतर ती तरंगत राहून करंट खातात.

चिप घेताना नावात आकड्यानंतर ‘यूबी’ (अनबफर्ड, म्हणजे बफर नसलेली) बघा. बफर असलेल्या इन्व्हर्टरचा गेन फार जास्त असतो, तो अशा जोडणीत स्वतःच आंदोलनं करू लागतो. युरोरॅकमध्ये (मॉड्युलर सिंथेसायझरच्या एका प्रचलित मांडणीत) चिप मरू शकते ती सप्लायमुळे: अधिक-उणे १२ म्हणजे चिपवर २४ व्होल्ट, आणि एवढे तिला झेपत नाहीत. तिच्यासाठी वेगळा, कमी व्होल्टेजचा रेग्युलेटर लावा.

कटऑफ, म्हणजे फिल्टर जिथून कापायला लागतो ती कंपनसंख्या, बदलायला मूळ सर्किटमध्ये सीए ३०८० हा ट्रान्सकंडक्टन्स अँप (करंटने नियंत्रित होणारा अँप) आहे. तो आता बनत नाही. एलएम १३७०० मध्ये दोन ट्रान्सकंडक्टन्स अँप असतात, त्यामुळे दोन्ही इंटिग्रेटरना एकच चिप पुरते. पिना मात्र वेगळ्या आहेत, जुन्या बोर्डवर ती सरळ बसत नाही.