तुम्ही विचारलंत म्हणून: इंदुरात चांगला बर्गर कुठे मिळतो?

पुण्या-मुंबईचं कोणी इंदूरला येणार असलं की दोन दिवस आधी मला मेसेज येतो. पोहे-जिलेबी कुठे, सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात किती वाजता जायचं हे ते नेटवरून वाचूनच येतात, ते मला विचारत नाहीत. मला विचारतात ते बरोबरच्या पोरांसाठी. "अगं, मुलांना बर्गर लागतो, तुमच्याकडे चांगला कुठे मिळतो?" ऑफिसात बदली होऊन आलेली मंडळीही हेच विचारतात, आणि माझा पुण्याचा भाचा तर दर मे महिन्यात, म्हणजे गेल्या वर्षी मी उत्तर दिलंय हे पूर्ण विसरून, पुन्हा विचारतो. म्हणून एकदा नीट लिहूनच टाकते.

माझं उत्तर असं की छप्पनला, म्हणजे छप्पन दुकान ह्या आमच्या खाऊगल्लीत, जा आणि हॉट डॉग मागा.

इथे लोक माझ्याकडे बघतात. विचारलं बर्गर, ही सांगते हॉट डॉग. पण इंदुरात हॉट डॉग म्हणजे लांबट पावातलं सॉसेज नाही हो, छप्पन दुकानला जॉनी हॉट डॉगकडे जे मिळतं ते म्हणजे गोल बन, त्यात टिक्की, तव्यावर परतून कडेने कुरकुरीत केलेला, सोबत कांदा आणि चटणी. बर्गरच की तो! नाव चुकलंय म्हणाल तर हॅमबर्गरमध्ये तरी हॅम कुठे असतं, ते नाव जर्मनीतल्या हॅम्बर्ग गावावरून आलंय. माझी आई कितीतरी वर्षं त्या 'हॅम'ला घाबरून बर्गरला हात लावत नव्हती, आणि हॉट डॉग शब्दाने तर तिला आणखीच कसंतरी व्हायचं, कुत्र्याचं काय नाव घेता खाताना म्हणायची.

तर जॉनीकडे फक्त तीन गोष्टी मिळतात. व्हेज, मटण आणि अंड्याचा बेंजो. मेन्यू म्हणून एवढंच, आणि माझ्या मते चव टिकण्याचं निम्मं कारण हेच असणार. एकच माणूस एकच गोष्ट दिवसभर करत असला की हात बसतो. तुम्ही नुसतं उभं राहून बघा, तव्याच्या मधे काय ठेवतात, कडेला काय सरकवतात, बन कधी उलटतात. घाई असते पण गडबड नसते.

बेंजो म्हणजे बनमध्ये ऑम्लेट. ह्या शब्दाचा मी बराच विचार केलाय (नवरा म्हणतो तुला दुसरे उद्योग नाहीत). ब्रिटिश फौजेत तळलेल्या अंड्याच्या सँडविचला एग बॅन्जो म्हणायचे, का तर चावा घेतला की बलक शर्टावर ओघळायचा, मग एका हाताने सँडविच वर धरून दुसऱ्या हाताने शर्ट पुसायचा, बघणाऱ्याला वाटणार बॅन्जो वाजवतोय. आता १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरला होळकरांची फौज हरली, १८१८ च्या जानेवारीत मंदसौरचा तह झाला, आणि इंदूरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर महूला इंग्रजांची छावणी बसली ती आजही लष्कराकडे आहे. मला आपलं वाटतं शब्द तिथूनच चालत आला असावा, पुरावा नाही माझ्याकडे काही. पण महिदपूर हरल्याचं निदान एवढं तरी मिळालं म्हणायचं.

आता मॅकडोनाल्ड्सबद्दल. मी नाक मुरडणाऱ्यांतली नाही. १९९६ मध्ये दिल्लीत त्यांचं भारतातलं पहिलं दुकान निघालं तेव्हा जगात पहिल्यांदाच त्यांनी बीफशिवाय दुकान चालवलं, डुक्कर पण नाही, व्हेज आणि नॉनव्हेजची स्वयंपाकघरं वेगळी, मेयोनीजसुद्धा बिनअंड्याचं. म्हणजे कंपनी अमेरिकेची असली तरी आपल्याकडे येताना तिला मुकाट्याने सोवळं नेसावं लागलं. महाराजा मॅक आला तो मटणाचा होता, चिकन नंतर. आणि आलू टिक्की, ती तर आपलीच आहे, तिच्याबद्दल काय तक्रार करणार. आजीला घेऊन मॉलमध्ये गेलात, किंवा पोर सहा वर्षांचं आहे आणि त्याला तिखट चालत नाही, तर सरळ तिथे जा, लाजू नका. फक्त गर्दीच्या वेळी जा. रिकाम्या वेळी गेलं की टिक्की किती वेळची तयार ठेवलीये देव जाणे. किंवा काहीतरी बदल सांगा, कांदा नको म्हणा, सॉस कमी म्हणा, की त्यांना तुमच्यासाठी नवा बांधावाच लागतो. ही युक्ती भाच्याने मला शिकवलीये, त्याचं श्रेय त्याला.

माझा खरा राग आहे तो मधल्या लोकांवर. कॅफे. विजय नगरच्या बाजूला एका ठिकाणी (नाव नाही सांगणार) भाच्याला घेऊन गेले, लाकडी फळीवर बर्गर आला, वीतभर उंच, मधोमध काडी खोचलेली, वरून चीज ओतलेलं. फोटो छान आला. मग खायचा कसा? तोंड तर एवढं उघडत नाही, सुरी लावली तर सगळा इमला कोसळला, आणि टिक्की मधे गार. बन फ्रीजमधून काढल्यासारखा. तीनशेऐंशी रुपये अधिक टॅक्स. पोरगं बिचारं काही बोललं नाही, नुसते फ्राईज खात बसलं, तेव्हापासून मी ठरवलं की ज्या बर्गरला काडी लागते तो खायचा नाही.

कारण कसंय, बर्गर चांगला की वाईट हे बनवर ठरतं आणि तव्यावर ठरतं, आत किती गोष्टी कोंबल्यात त्यावर नाही. बन आतल्या बाजूने लोण्यातुपात भाजलेला पाहिजे, नुसता चवीसाठी नाही, भाजलेला थर असला की सॉस आणि टिक्कीचं पाणी लगेच मुरत नाही, नाहीतर तिसऱ्या घासाला हातात लगदा. टिक्की बटाट्याची असेल तर बटाटा उकडून पूर्ण निवू द्यायचा, वाफ गेली पाहिजे, आणि बांधायला ब्रेडचा चुरा नसला तर भिजवून घट्ट पिळलेले पोहे घालायचे, इंदुरात पोहे नाहीत असं घर तुम्हाला सापडायचं नाही. मटणाच्या खिम्यात थोडी चरबी हवीच, आणि मीठ अगदी तव्यावर टाकायच्या आधी, आधीपासून मीठ घालून मळत बसलात तर खिमा चिवट होतो, रबरासारखा. मी केलाय तसा. एकदा संक्रांतीला बारा माणसं बोलावून. अजून ऐकवतात. आणि तवा इतका तापलेला पाहिजे की टिक्की टाकल्यावर चर्र आवाज यायलाच हवा, तो तपकिरी खरपूस थर धरतो त्यातच सगळी चव असते. आवाज नाही आला तर ती टिक्की भाजली जात नाहीये, नुसती शिजतीये.

म्हणून कुठल्याही ठेल्यावर गेलात तर मेन्यू वाचू नका, तवा ऐका. कॉलेजात, होळकर सायन्सला असताना, आम्ही मैत्रिणी एका कायनेटिकवर तिघी बसून भंवरकुव्यावरून छप्पनला यायचो, पैसे तिघींत मिळून दोन हॉट डॉगचे असायचे, आणि तिथे उभं राहून तो आवाज ऐकण्यातच निम्मी भूक भागायची. भागवावी लागायची.

बरं, ठेलेवाले. इथे जिरावण (आमचा पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) आणि शेव कशावर टाकतील त्याचा नेम नाही, बर्गरवर पण टाकतात. पुण्याची मंडळी हसतात. मी म्हणते टाकू दे, मऊ बनमध्ये काहीतरी कुरकुरीत पाहिजेच असतं, अमेरिकेत त्यासाठी लेट्यूस नि लोणच्याच्या काकडीच्या चकत्या घालतात, आम्ही शेव घालतो. तंदुरी मेयो मात्र नको. भियाला, म्हणजे ठेलेवाल्या भैयाला, आधीच सांगा, नाहीतर चमचाभर विचारून वाटीभर घालतो.

आणि सराफ्यात बर्गर शोधू नका प्लीज. रात्री सोन्याची दुकानं बंद झाल्यावर तिथे जाऊन भुट्टे का कीस (किसलेल्या मक्याचा) सोडून बर्गर खाल्लात तर माझं नाव सांगू नका कोणाला.

हां, एक कबूल करते. अमेरिकेत राहून आलेले काहीजण विचारतात, त्यांना तो जाड, आतून गुलाबी, रसाळ बीफचा बर्गर आठवत असतो. तो इथे मिळणार नाही, त्याच्यासारखा पण नाही, छप्पनच्या मटण हॉट डॉगला त्याच्याशी तोलू नका, दोघांवर अन्याय होईल. भाच्याचं सुद्धा मत असं पडलं की "आत्या, बन एकदम भारी आहे, पण ह्यात चीज का नाही?" आता ह्याला काय उत्तर देणार. खाल्ले मात्र दोन.

शेवटचं म्हणजे पार्सल घेऊ नका. छप्पनवरून आमच्या राजेंद्र नगरला पोचेपर्यंत कागदातल्या कागदात वाफ धरते, बन ओला होतो, आणि मग घरी आई तो परत तव्यावर टाकते, तोवर कांदा काळा पडलेला असतो. तिथेच उभं राहून खा, हात भाजले तरी चालतील.