तुम्ही विचारलंत म्हणून : कॉलेजची मुलं संस्थेत कशी येतात

‘तुमच्याकडे विद्यापीठाची मुलं कामाला येतात, आमच्याकडे का येत नाहीत? तो एमओयूचा, कॉलेजशी करायच्या कराराचा, नमुना तेवढा पाठवा ना.’ सोलापुरातल्या लहान सामाजिक संस्थांची माणसं भेटली की हे ठरलेलं. धर्मादाय कार्यालयाच्या जिन्यात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. कितीतरी वर्षं मी नमुना पाठवत आले. हल्ली पाठवत नाही, म्हणून काही जण नाराज आहेत. ‘आपल्यापुरतं ठेवते’ असंही कानावर आलं. ते फार लागलं, म्हणून एकदा सगळं सांगून टाकते.

केगावला विद्यापीठाच्या कार्यालयात जाऊन करार केला की मुलं येतील, असं धरून चालू नका. आपलं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ २००४ साली एका जिल्ह्यासाठी झालं. त्याच्या आवारात काही विभाग आहेत, पण बहुतेक मुलं शिकतात ती संलग्न महाविद्यालयांत, शहरात आणि बार्शी-पंढरपूर-अक्कलकोटकडे. मुलांना कुठे पाठवायचं हे तिथला विभागप्रमुख ठरवतो, किंवा एनएसएसचा, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचा, कार्यक्रम अधिकारी, किंवा ज्या प्राध्यापकांकडे ओजेटीचं, म्हणजे बाहेर प्रत्यक्ष काम करून घ्यायच्या प्रशिक्षणाचं, काम दिलेलं असतं ते. त्यांना भेटा. जूनमध्ये भेटा, वेळापत्रक लागायच्या आत. दिवाळीनंतर गेलात तर मुलं आधीच वाटली गेलेली असतात, आणि मग फेब्रुवारीत तासांची घाई लागलेला चाळीस जणांचा घोळका एकदम तुमच्या दारात येतो.

कोणत्या मुलाला किती तास हवेत हेही बघून जा. एनएसएसच्या स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास आणि सात दिवसांचं शिबिर. एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्यात एमए करणाऱ्यांसारख्या, मुलांना आठवड्यातले ठरावीक दिवस क्षेत्रकार्य असतं. ती वर्षभर टिकतात, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारे सरही असतात. नव्या शैक्षणिक धोरणानंतर ओजेटी आणि समाजसहभाग प्रकल्प अभ्यासक्रमातच आले. प्रत्यक्ष कामाचं एक क्रेडिट म्हणजे साधारण ३० तास, म्हणजे चार क्रेडिटच्या ओजेटीला १२०. आता मुलांना तुमची गरज आहे. कॉलेजलाही आहे, कारण कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात विस्तारकार्य आणि चालू असलेले करार दाखवावे लागतात. तेव्हा हात जोडून उभं राहायचं कारण नाही.

जाताना नोंदणी प्रमाणपत्र आणि मागच्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल न्या. आणि एक पान न्या, ज्यावर काम लिहिलेलं असेल. ‘समाजकार्याची आवड असलेले विद्यार्थी हवेत’ असलं काही लिहू नका. ‘बीकॉमची दोन मुलं, मंगळवार-शुक्रवार, दुपारी दोन ते पाच, व्हाउचर लावून खतावणी संगणकावर घेणे, सोबत आमच्या लेखनिक बाई बसतील’ असं लिहा. ‘सोबत कोण बसेल’ हे ज्याला लिहिता येत नाही त्याने मुलं मागू नयेत. मी हे तोंडावर सांगते आणि लोक दुखावतात. पण कुणी सोबत नसलं की मुलं बॅनर धरतात, फोटोत उभी राहतात आणि तासांवर सही घेऊन जातात. मोहोळहून एसटीने येणाऱ्या पोरीला त्यासाठी शेवटच्या गाडीची धाकधूक का? तिचं येण्याजाण्याचं भाडं कोण देणार, हेही त्याच पानावर हवं. आणि २०१३चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे. दहा माणसं असतील तर समिती हवी, कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार कशी जाते ते मुलींना पहिल्याच दिवशी सांगितलेलं हवं.

एवढं सांगितलं तरी पुढचा प्रश्न येतोच : मग नमुना द्यायला काय हरकत आहे?

हरकत एका कागदामुळे आहे.

आमचं काम शहराच्या पूर्वभागात, तेलुगू बोलणाऱ्या कामगारांच्या वस्तीत, विडी कामगार बायकांच्या मुलांसाठी. संध्याकाळची अभ्यासिका आणि शिष्यवृत्तीचे अर्ज. एका कॉलेजची बीएच्या दुसऱ्या वर्षाची सहा मुलं प्रकल्पासाठी आली. काम मी ठरवून दिलं होतं : नव्याने घेतलेल्या एका गल्लीत घरोघरी जाऊन आईचं विडी कामगार ओळखपत्र आहे का, मुलाचं बँक खातं आधारला जोडलंय का, राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरायला काय कमी पडतंय, एवढंच बघायचं. कॉलेजने त्याला स्वतःचा चार पानी सर्वेक्षणाचा फॉर्म जोडला. अहवालाला माहिती लागते म्हणाले. करारात फॉर्मबद्दल काही नव्हतं. तोच नमुना, जो तुम्ही मागता.

पहिल्या दिवशी गेलो तर पाण्याचा दिवस. चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गल्लीत त्या दिवशी कोण बोलणार? परत आलो. दुसऱ्या खेपेला घरं उघडी होती. चौथ्या घरात उंबऱ्याशीच एक बाई मांडीवर सूप घेऊन बसली होती. पान कापून झालं होतं, तंबाखू भरून वळणं चाललं होतं. शेजारणीशी तेलुगूत बोलत होती. मुलं आत गेली आणि तिचे हात थांबले. अगदी थोडा वेळ. मग पुन्हा चालू झाले. पोरांना बघून बुजली असेल, असं मला वाटलं.

एक मुलगा विचारत होता, एक मुलगी लिहीत होती. लिहायची पाळी तिची होती. बाईंनी सगळी उत्तरं मराठीत दिली. दिवसाला हजार विड्या होतात का? रोज नाही होत, आणि छाट निघाली, म्हणजे विड्या खराब म्हणून बाजूला काढल्या, की त्यातले पैसे जातात. घर स्वतःचं? भाड्याचं. शौचालय? बाहेर, तिघांत एक. मुलं किती, काय शिकतात? दोघं. थोरली कॉलेजला. मग तिसऱ्या पानावर : घरात कुणाला व्यसन? बाई गप्प. मुलाने पुन्हा विचारलं, तसं शिकवलेलंच होतं त्याला. बाई म्हणाल्या, ‘त्यांना आहे. दारू.’ मुलीने लिहिलं. अक्षर सुरेख होतं तिचं. पुढच्या घरांतही तिनेच लिहिलं.

ती नंतर आली नाही. काही दिवसांनी त्या बाई आमच्या खोलीवर आल्या, चप्पल बाहेर काढून दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ‘मॅडम, तो कागद परत द्या.’ कुठला कागद ते मला कळेना. तेव्हा म्हणाल्या, ‘पोरीने लिहिलेला. माझी पोरगी आहे ती.’

वर्गातल्या पाच जणांसमोर आईने सांगायचं आणि मुलीने बापाचं नाव लिहून पुढे ‘दारू’ लिहायचं. दोघींनी एकमेकींना ओळख दिली नाही. त्यांनी आपलं घर सांभाळलं, तेवढंच त्यांच्या हातात होतं.

कागद आमच्याकडे नव्हता. कॉलेजला फोन केला, मग जाऊन बसले. फॉर्म अहवालाला जोडलेत, ते दप्तरात राहावे लागतात, एक काढला तर संख्या जुळणार नाही, असं उत्तर मिळालं. नाव खोडा म्हटलं. बघतो म्हणाले. तो कागद मला मिळाला नाही आणि त्या बाईंना मी तसंच सांगितलं. मुलीचे तास अपुरे होते. मी पूर्ण तासांवर सही केली. नियमात बसत नाही हे मला माहीत आहे. ती सही मी मागे घेणार नाही.

‘तुम्हाला आधी कळायला हवं होतं’ असं मला दोन जवळच्या माणसांनी सुनावलं. कसं कळणार? यादीत रोल नंबर आणि नाव, एवढंच होतं. ती गल्ली आम्हालाच नवी होती. आणि पूर्वभागात एकाच आडनावाची किती घरं असतात हे सोलापूरकराला सांगायला नको.

पण या सगळ्यामागची समजूत माझीही होती, हे खरं. मुलं शिकलेली, बाहेरची. गल्लीतल्या बायका गरजू. एकीकडून सेवा जाते, दुसरीकडे पोहोचते. पुण्या-मुंबईत असेलही तसं. सोलापुरात कॉलेजच्या बाकावर बसलेली मुलगी घरी जाऊन आईला पानं कापून देते. यंत्रमागावर रात्रपाळी करून सकाळी लेक्चरला येणारी मुलं मी पाहिलीत. आपण ज्यांच्यासाठी विद्यार्थी मागतो त्यांचीच ती मुलं आहेत. करारातले ‘लाभार्थी’ आणि ‘विद्यार्थी’ हे दोन रकाने इथे एकाच घरात निघतात.

तेव्हा मी ठरवलं होतं, करार नको, कॉलेज नको, ओळखीतली दोन मुलं पुरेत. तेही फार दिवस टिकलं नाही. कॉलेजातल्या ज्या बाईंच्या भरवशावर एमएसडब्ल्यूची मुलं येत होती त्या दुसऱ्या गावी गेल्या, आणि नव्या माणसाला आम्ही कोण हेच माहीत नव्हतं. वर्षभर अभ्यासिकेत कुणी नव्हतं. दहावीच्या मुलींना गणित शिकवायला माणूस मिळेना. मग पुन्हा करार केला. वेगळा. त्यात लिहिलंय की घरात नेला जाणारा प्रत्येक फॉर्म आधी आम्ही वाचणार, घराची माहिती लिहिलेला कागद संस्थेतच राहणार, अहवालात फक्त आकडे जाणार, आणि घरातल्या माणसाने मागितला तर कागद त्याच दिवशी परत. एका कॉलेजने हे मान्य केलं. दुसऱ्याने दोन महिने ठेवून घेतलं आणि मग कळवलंच नाही.

म्हणून नमुना पाठवत नाही. तुमच्या गल्लीत काय विचारायचं नाही, हे तुम्हालाच लिहावं लागेल. ते लिहून आणलंत तर बाकीची कलमं मी बसून करून देते, केव्हाही या.

यंदा मी मुलांच्या यादीसोबत राहायचा भाग मागितला, म्हणजे कुणाला स्वतःच्या गल्लीत धाडलं जाणार नाही. मान्य केलेल्या कॉलेजातल्या सरांनी पत्ते द्यायला नकार दिला. म्हणाले, पत्ता बघून तुम्ही पूर्वभागातल्या मुलांना बाजूला काढणार, ते वर्गाला कळणार, आणि तेलुगू येणारी, बायकांशी नीट बोलू शकणारी मुलं नेमकी तीच आहेत. त्यांचं म्हणणं चूक नाही. मुलांना एकेकटं विचारून पाहावं असा विचार आहे, पण एकोणीस वर्षांची मुलगी अनोळखी बाईला खरं का सांगेल? सरांना मी अजून उत्तर दिलेलं नाही. यादी सोमवारी येणार आहे.